ड्रोन नजरेआड, जबाबदारी नजरेसमोर

ऑक्टोबर-नोव्हेंबरात बुलडाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातल्या बीबीच्या शिवारात उभं राहून पाहा. सोयाबीन निघून गेलेलं असतं आणि त्यातली आंतरपिकाची तूर माणसाच्या डोक्यावर गेलेली असते. फुलोऱ्यातल्या तुरीवर अळी पडली की फवारणीची घाई होते. आता गावोगाव पाठीवरच्या पंपासोबत ड्रोनही येऊ लागला आहे. बचत गटाची ताई धुऱ्यावर उभी राहते, टाकी भरते, बॅटरी चढवते आणि ड्रोन उचलते. पिकाच्या दोन-तीन मीटर वरून तो तास धरून जातो, तुरीच्या पलीकडे उतरता होतो आणि कडुनिंबाच्या मागे दिसेनासा होतो.

“ताई, धुऱ्याच्या पल्याड तर नाही गेलं?” शेतकरी विचारतो.

“नाही दादा, हद्द आखून दिली आहे. येईल आता वळून.”

तो वळून येतो. ताईचं काम चोख असतं, यंत्रही चांगलं असतं. पण मधल्या त्या काही सेकंदांत ड्रोन कुणालाच दिसत नव्हता. तेवढ्यात पलीकडच्या वावरात कुणी वाकून निंदत असतं तर? मधून 11 केव्हीची लाईन गेलेली असती तर? शेजाऱ्याच्या तुतीवर औषधाचा फवारा गेला असता आणि त्याच्या रेशीम किड्यांची अख्खी बॅच मेली असती तर?

ड्रोन उडवणाऱ्याच्या नजरेआड गेला तर काय, हा प्रश्न दिल्लीच्या मंत्रालयातला वाटतो, पण तो रोज आपल्या धुऱ्यावर उभा असतो. म्हणून या आठवड्यात तोच.

*

आधी कायदा कुठून कुठे आला ते पाहू. ऑक्टोबर 2014 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, खासगी ड्रोनवर सरळ बंदी घातली. डिसेंबर 2018 पासून परवानगी मिळू लागली, पण तीही कागदांच्या ढिगाऱ्यातून. 25 ऑगस्ट 2021 रोजी ‘ड्रोन नियम 2021’ आले आणि बराच गाळ उपसला गेला. 25 फॉर्मचे 5 झाले, 72 प्रकारच्या शुल्कांचे 4 झाले. हिरव्या, म्हणजे उड्डाणाला मोकळ्या ठेवलेल्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत उडवायला परवानगीची गरज राहिली नाही. दहावी पास, 18 ते 65 वयाचा कुणीही प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवू शकतो. त्यामुळेच बचत गटांच्या बायांच्या हाती रिमोट आला. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्राने ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली. 15 हजार बचत गटांना ड्रोन, किमतीच्या 80 टक्के आणि जास्तीत जास्त 8 लाखांपर्यंत मदत, 15 दिवसांचं प्रशिक्षण. हे चांगलंच झालं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, ते विदर्भ विसरलेला नाही. माणसाच्या पाठीवरचं विष उतरत असेल तर त्या यंत्राचं स्वागतच करायला हवं.

पण एक दार अजून किलकिलंच आहे. ड्रोन उडवणाऱ्याला तो सतत दिसला पाहिजे, ही ड्रोन उडवण्यातली पायाभूत अट. नजरेआड उडवायचा तर सरसकट मुभा नाही, खास परवानगी घ्या, प्रयोग म्हणून करा, असा मामला आहे. 2019 मध्ये डीजीसीएने अशा प्रयोगांसाठी कंपन्यांकडून प्रस्ताव मागवले, 2021 मध्ये कर्नाटकात गौरीबिदनूरला चाचण्या सुरू झाल्या. मालवाहू ड्रोनसाठी हवाई मार्गिका आखू, असं 2021 चे नियम आणताना सरकारने सांगितलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात कमी उंचीवरच्या ड्रोन वाहतुकीच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय धोरण आराखडाही आला. गावच्या माणसाला मात्र यातलं काही दिसलेलं नाही.

*

नजरेची अट फालतू नाही. माणसाचा डोळा तिथे चार कामं करतो. ड्रोन कुठे तोंड करून आहे ते पाहतो. खाली कोण आहे ते पाहतो. तार, झाड, मोबाईलचा टॉवर पाहतो. आणि कमी उंचीवरून उडणारं हेलिकॉप्टर आलं तर ड्रोन खाली घ्यायला सांगतो, कारण आकाशात माणूस बसलेल्या विमानाचा हक्क आधी.

याच तालुक्यातलं लोणारचं विवर घ्या. काठापासून काठापर्यंत साधारण 1.8 किलोमीटर. कठड्याजवळून हातभर आकाराचा ड्रोन सोडला तर सरोवराच्या मध्यावर पोहोचायच्या आधीच तो ठिपका होतो आणि मग दिसेनासा होतो. पडद्यावर सरोवराचं चित्र सुंदर दिसत असतं, पण कॅमेरा पुढे पाहत असतो. बाजूने येणारी घार त्याला दिसत नाही, मागचा कडा दिसत नाही. लोणार हे वन्यजीव अभयारण्य आहे, 2020 पासून रामसर यादीतली पाणथळ जागा आहे. तिथे हौसेखातर नजरेआड ड्रोन सोडणं हा गुन्हा मानावा आणि तसा दंड व्हावा. इथे मवाळपणा नको.

मग डोळा काढून घ्यायचा तर त्याची चार कामं कोण करणार, एवढंच नियमाने विचारायला हवं. ठरलेली हद्द ओलांडता येणार नाही अशी आखणी, संपर्क तुटला तर आपोआप परत येण्याची सोय, दुसरं विमान ओळखून बाजूला होणारी यंत्रणा, बंद पडला तर उघडणारं पॅराशूट, आणि वाटेत ठिकठिकाणी उभे प्रशिक्षित निरीक्षक. यातलं बरंचसं तंत्र आज उपलब्ध आहे. अडलं आहे ते ठरवण्यापाशी. कुठल्या कामाला यातलं काय सक्तीचं आणि कुठल्या कामाला नाही, हे एकदा स्पष्ट सांगा. म्हणजे प्रामाणिक माणसाला वाट मिळेल आणि लबाडाला पळवाट उरणार नाही.

*

ही वाट का हवी, ते सांगायला आकाशातल्या पिझ्झाची गरज नाही. पावसाळ्यात रात्री शेतात पाणी द्यायला किंवा राखणीला गेलेल्या माणसाला घोणस चावते. आपल्याकडचं सर्पदंशाचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालतं. गंभीर दंश असेल तर सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागतात. जवळच्या आरोग्य केंद्रात तेवढ्या नसल्या तर पेशंट गाडीत घालून पुढे, मग त्याच्याही पुढे. बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला तर बाईच्या हाती फार तर दोन तास असतात. तिच्या गटाचं रक्त दुसऱ्या शहरात असतं. अशा वेळी पेशंट रक्ताकडे न्यायचा की रक्त पेशंटकडे आणायचं? रक्ताची पिशवी अर्ध्या किलोच्या आसपास. औषधाच्या कुप्या त्याहून हलक्या. एवढं वजन उचलणारं यंत्र आज गावागावात फवारणी करत फिरतं आहे.

हे होतं की नाही, ते आपल्याच राज्याने पाहिलेलं आहे. डिसेंबर 2021 मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावाला ड्रोनने कोविड लशीच्या 300 मात्रा पोहोचवल्या. वीसेक किलोमीटरचं अंतर नऊ-दहा मिनिटांत. रस्त्याने त्याला चाळीस मिनिटं लागतात. त्याआधी, 4 ऑक्टोबर 2021 रोजी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मणिपूरमध्ये बिष्णुपूरच्या जिल्हा रुग्णालयातून लोकताक सरोवरातल्या करांग बेटावर लस उडवून नेली. रस्त्याने 26 किलोमीटर, हवेतून 15, वेळ बारा ते पंधरा मिनिटं. मे 2022 मध्ये टपाल खात्याने कच्छमध्ये हबाय ते नेर हे 46 किलोमीटर 25 मिनिटांत कापलं. मे 2025 मध्ये त्याच खात्याने कर्जतहून माथेरानला टपाल पाठवून पाहिलं, पंधरा मिनिटांच्या आसपास पोहोचलं.

प्रयोग यशस्वी झाले, फोटो छापून आले. मग बुलडाणा जिल्ह्यातल्या माणसाच्या रोजच्या जगण्यात हे कधी येणार? आफ्रिकेतल्या रवांडाने 2016 मध्येच ड्रोनने रक्त पाठवायला सुरुवात केली. डोंगराळ देश, खराब रस्ते, खिशात पैसा कमी. तिथल्या अनुभवावर ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये 2022 साली अभ्यास आला. रक्त रस्त्यापेक्षा सव्वा-दीड तासाने लवकर पोहोचू लागलं आणि मुदत संपून वाया जाणाऱ्या रक्ताचं प्रमाण दोन तृतीयांशाने घटलं. रवांडाला जे दहा वर्षांपूर्वी जमलं ते महाराष्ट्राला जमत नाही, हे मी मानायला तयार नाही. आपल्याकडे इंजिनिअर आहेत, कारखाने आहेत, प्रशिक्षण केंद्रं आहेत. ठरवणारं कुणी नाही.

*

आता दुसरी बाजू. ती तितकीच खरी आहे आणि ती शहरातल्या ड्रोन कंपन्यांना कळत नाही.

2024 च्या जून-जुलैमध्ये आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यात, बीडमध्ये, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात रात्री-अपरात्री गावांवरून ड्रोन फिरत असल्याच्या बातम्या आल्या. चोर घरं हेरून ठेवतात, अशी चर्चा पसरली. माणसं काठ्या घेऊन रात्रभर गस्त घालू लागली. अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाचे आंदोलक मनोज जरांगे राहत होते त्या घरावर ड्रोनने टेहळणी होते, असा आरोप झाला आणि विषय विधिमंडळात गेला. गावागावातल्या बायाबापड्या आकाशात लाल दिवा दिसला की पोरं आत घेत होत्या.

त्या भीतीला अडाणीपणा म्हणून झटकणारे तेव्हा पुष्कळ निघाले. मला ते पटलं नाही. डोक्यावर एक यंत्र फिरतंय, त्याला कॅमेरा आहे, ते कुणाचं आहे हे सरपंचाला माहीत नाही, पोलीस पाटलाला माहीत नाही, ठाण्यातल्या हवालदाराला माहीत नाही. अशा वेळी भिणं हा शहाणपणा आहे. मोटारसायकलला नंबर प्लेट असते म्हणून ठोकर मारून पळालेला सापडतो. ड्रोनला नोंदणी क्रमांक असतो खरा, पण चारशे फुटांवरचा क्रमांक खालून कोण वाचणार?

2021 च्या नियमांनी याचा विचार केला होता. परवानगी असल्याशिवाय ड्रोन उडूच नये अशी यंत्रणा, उडताना त्याचा ठावठिकाणा कळण्याची सोय, हद्दबंदी. पण ही वैशिष्ट्यं पुढे अधिसूचना काढून सक्तीची करू, तेव्हा सहा महिन्यांची मुदत देऊ, असं नियमांतच लिहून ठेवलं. नजरेआड उड्डाण खुलं करायचं असेल तर ही सक्ती त्याच्या आधी व्हायला हवी. आधी ओळख, मग उड्डाण. क्रम उलटा चालणार नाही.

पोलिसांच्या हाती आज काहीच नाही असंही नाही. पोलीस अधीक्षक किंवा त्या दर्जाचा अधिकारी एखादा भाग 96 तासांपर्यंत तात्पुरतं लाल, म्हणजे विनापरवानगी उड्डाणबंदीचं क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतो. पण त्याला आकाशात कोण आहे ते दिसलं तरच त्या अधिकाराला धार येते. बीबीच्या पोलीस ठाण्यात बसलेल्या माणसाला मोबाईलवर कळलं पाहिजे की आत्ता आपल्या हद्दीवर कोणता ड्रोन आहे, कुणाचा आहे आणि कशासाठी आहे.

*

मग काय करायचं? माझं म्हणणं पाच मुद्द्यांत सांगतो.

एक. नियम यंत्राच्या वजनावर थांबू नये, खाली काय आहे त्यावर ठरावा. मोकळ्या वावरावरून ठरलेल्या वाटेने औषध नेणं आणि आठवडी बाजाराच्या गर्दीवरून कॅमेरा फिरवणं यांना एकच माप लावता येत नाही. युरोपने 2019 पासून जोखमीप्रमाणे वर्गवारी केली आहे. अमेरिकेनेही ऑगस्ट 2025 मध्ये नजरेआड उड्डाणासाठी स्वतंत्र नियमांचा मसुदा काढला, कारण प्रत्येक उड्डाणाला वेगळी सूट देत बसणं त्यांनाही झेपेना. आपण त्यांची नक्कल करू नये, पण आपलं आपण लवकर ठरवावं.

दोन. गावाला आधी कळवा. 1971 च्या कीटकनाशक नियमांत हवाई फवारणीची सूचना लोकांना किमान 24 तास आधी द्यायची तरतूद आहे. औषधाच्या फवाऱ्याला जो नियम, तोच नजरेआड उडणाऱ्या यंत्राला लावा. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तारीख, वेळ, वाट आणि फोन नंबर. प्राण वाचवायच्या उड्डाणाला ही अट नको, पण त्याची वाट वर्षाच्या सुरुवातीलाच गावसभेत दाखवलेली असावी.

तीन. नुकसानीचा पैसा तालुक्यात मिळावा. तृतीय पक्ष विम्याला मोटार वाहन कायद्याच्या तरतुदी लागू होतील, असं ड्रोन नियम सांगतात. अपघात झाला तर चालकाने 48 तासांत डीजीसीएला कळवायचं, असंही सांगतात. पण ज्याच्या बैलावर ड्रोन पडला त्याने कुणाकडे जायचं? दिल्लीच्या पोर्टलवर? पंचनामा तलाठ्याने आणि कृषी सहायकाने करावा, दावा तालुक्यात दाखल व्हावा, मुदत ठरलेली असावी. तुतीवर गेलेल्या फवाऱ्याचाही पंचनामा व्हावा.

चार. कॅमेऱ्यावर लगाम. औषध नेणाऱ्या ड्रोनला वाट दिसण्यापुरताच कॅमेरा हवा. कुणाच्या अंगणात बाई आंघोळीला बसली आहे, कुणाच्या खळ्यात किती पोती पडली आहेत, हे साठवून ठेवायचा अधिकार त्याला नाही. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो बंगल्यात राहणाऱ्याला जितका आहे तितकाच पत्र्याच्या घरात राहणाऱ्यालाही आहे. चित्रण किती दिवस ठेवणार आणि कोण पाहणार, हे परवान्यावर छापा.

पाच. सुरुवात आरोग्यापासून करा, आणि सुरुवात गावाकडून करा. जिल्हा रुग्णालय, ग्रामीण रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्यामधल्या ठरावीक वाटा आखा. वर्षभर चालवा. किती उड्डाणं झाली, किती वेळा पडला, किती पिशव्या वेळेत पोहोचल्या, ते दर महिन्याला जिल्हा परिषदेत मांडा. आकडे चांगले आले तर वाढवा, वाईट आले तर थांबवा. उड्डाणाला लागणाऱ्या माणसांत गावच्याच पोरा-पोरींना घ्या. धुऱ्यावर ड्रोन चालवणारी ताई उद्या औषधाच्या वाटेवरची निरीक्षक का होऊ नये? तिला ती झाडं, त्या तारा, ती हवा ठाऊक आहे.

*

सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राने नागरी ड्रोन विधेयकाचा मसुदा मांडला. मृत्यू झाला तर अडीच लाख, गंभीर इजा झाली तर एक लाख, अशी भरपाई त्यात सुचवली आहे. माणसाच्या जिवाचा हा भाव फार कमी आहे, तो वाढला पाहिजे. आणि हरकतींसाठी मुदत किती, तर महिनाअखेरपर्यंत, जेमतेम दोन आठवडे. आमच्याकडे तेव्हा सोयाबीन काढणीच्या तोंडावर असतं, पावसाची टांगती तलवार असते. ज्यांच्या डोक्यावरून हे ड्रोन सर्वात जास्त उडणार, त्यांनी हरकत कधी लिहायची आणि कुठे पाठवायची? कायद्याचा मसुदा मराठीत, जिल्हा परिषदेमार्फत, ग्रामपंचायतीपर्यंत आला पाहिजे आणि दोन महिने तिथे राहिला पाहिजे.

नजरेआड उड्डाणाला माझा पाठिंबा आहे आणि तो पूर्ण मनाने आहे. बाळंतिणीसाठी रक्ताची पिशवी पंधरा मिनिटांत येणार असेल तर त्या वाटेत उभं राहायचा अधिकार कुणालाच नाही. पण ड्रोनचा मालक, चालक, विमा आणि कॅमेरा हे चारही आमच्या नजरेसमोर राहिले पाहिजेत, त्याशिवाय होकार नाही.

येत्या 26 जानेवारीला, 1 मेला, 15 ऑगस्टला किंवा 2 ऑक्टोबरला, तुमच्या गावाची ग्रामसभा जेव्हा भरेल तेव्हा, घरी बसू नका. उठून दोन ठराव मांडा. आमच्या आरोग्य केंद्रासाठी औषध-रक्ताची ड्रोन वाट आखा, हा पहिला. आमच्या हद्दीवरून जाणाऱ्या प्रत्येक ड्रोनचं नाव-गाव आम्हाला कळवा, हा दुसरा. दोन्ही एकाच दिवशी मंजूर करा, सही-शिक्क्यानिशी जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा आणि पोच घ्या.